चिमूट आणि पाव चमचा

गल्लीत त्याला 'अर्धीगोळी' म्हणत. हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणाला आठवत नाही, पण ज्यानं ठेवलं त्यानं माणूस बरोबर ओळखला होता. बागेच्या मोठ्या फाटकासमोर, बेकरी आणि चपला दुरुस्त करणाऱ्याच्या मधोमध, त्याचं औषधांचं दुकान होतं. डॉक्टरनं चिठ्ठीत अर्धी गोळी लिहिली की बाकीचे दुकानदार अख्खी गोळी हातावर ठेवून 'घरी मोडून घ्या' म्हणत. हा गडी गोळी काचेवर ठेवायचा, ब्लेडनं मधोमध कापायचा आणि दोन्ही तुकडे काट्यावर घालून बघायचा. केसभर फरक निघाला तर दुसरी गोळी घ्यायचा. समोर गिऱ्हाईक एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत ताटकळत उभं. कोणी कुरकुर केली तर चष्म्यावरून बघत म्हणायचा, "घाई असेल तर आजार बरा होऊ द्या आपोआप."

आणि लेबल. पस्तीस वर्षांत त्याच्या दुकानातून लेबलाशिवाय काही बाहेर गेलं नव्हतं. काय, किती, केव्हा, अशा तीन ओळी, खाली तारीख, सही, दुकानाचा शिक्का. डिंक तो घरी स्वतः शिजवायचा. बाजारातली लेबलं ओल्या हातानं सुटतात, ह्याची नाहीत. बाटली फुटेल पण लेबल निघणार नाही, अशी त्याची ऐट होती.

ही खोड घरीही होती. स्वयंपाकघरातल्या बरणीवर 'मीठ. चवीपुरते. रोज.' असं लेबल होतं. त्यातलं 'चवीपुरते' लिहिताना त्याचा जीव कासावीस झाला होता, कारण त्याला माप नाही. बायको पाहुण्यांना ती बरणी मुद्दाम दाखवायची आणि म्हणायची, "नशीब माझं, माझ्या कपाळावर नाही चिकटवलं."

बायको रफूचं काम करायची. फाटका कोट तिच्या हाताखालून गेला की भोक कुठं होतं ते मालकालाही सापडायचं नाही. मूलबाळ नव्हतं. ती खिडकीशी सुई घेऊन बसलेली आणि तो दुकानातून येऊन दिवसभराच्या गमती सांगतोय, असा त्यांचा संसार होता. तिला हसवणं हे आपलं काम आहे असं तो धरून चालला होता. ते कोणी त्याला दिलेलं नव्हतं, पण दुसऱ्या कोणी घेतलेलंही नव्हतं.

मग तिला नागीण झाली. उजव्या बरगडीवरून पाठीपर्यंत फोडांचा पट्टा उठला, तीन आठवड्यांत सुकलाही. फोड गेले, आग राहिली. अंगावरचा कपडा त्या बाजूला घासला तरी ती ओठ चावायची. डाव्या कुशीवर, कापड हातानं अंगापासून दूर धरून, पहाटेपर्यंत जागी. हसलं की बरगड्या हलतात, म्हणून तिनं हसणंच टाकलं.

अर्धीगोळीनं जंग जंग पछाडलं. मोठ्या शहरातल्या डॉक्टरांना दाखवलं, कंपन्यांची नवी माहितीपत्रकं वाचून काढली, कपाटातली एकेक बाटली तिच्यासाठी काढली. एका गोळीनं ती दिवसभर भिंतीकडे बघत बसायची, दुसरीनं जेवण तोंडात फिरायचं, तिसरीनं काहीच नाही. रोज दुपारी तो तिच्या हातावर गोळी ठेवायचा आणि विचारायचा, "बरं वाटतंय?"

"वाटतंय थोडं," ती म्हणायची.

हे 'थोडं' दोन वर्षं चाललं. त्यात तथ्य नाही हे तिलाही ठाऊक होतं, त्यालाही. पण त्या एका शब्दावर तो रोज दुकान उघडायला जायचा.

बुधवारी दुपारनंतर दुकान बंद असे. अशाच एका बुधवारी जिना चढताना त्याला घरातून हसणं ऐकू आलं. तो पायरीवरच थांबला. दोन वर्षांत हा आवाज ऐकला नव्हता, त्यामुळे आधी शेजारीण वाटली. मग ओळखलं, आणि पायांत असा जोर आला की दोन दोन पायऱ्या चढत गेला. दार ढकललं. बायको हातात सुई घेऊन, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होती. आणि समोर, अर्धीगोळीच्याच स्टुलावर, बागेचा माळी बसला होता.

माळी त्यांच्याच चाळीत खाली राहायचा. नगरपालिकेच्या बागेचा मुख्य माळी, साठीला आलेला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. गुलाबाच्या काट्यांनी त्याचा कोट कायम फाटलेला आणि तो रफूला कायम वर आलेला. आडदांड, मोठ्या आवाजाचा, नखांत माती. त्याच्या विनोदांत काही राम नसायचा असं अर्धीगोळीचं ठाम मत होतं.

"या दादा, या!" माळी जणू स्वतःच्या घरात पाहुणा आल्यासारखा म्हणाला. "वहिनी तीन रात्री सलग झोपल्यात. सांगा की वहिनी."

"झोपले हो," ती म्हणाली. तिचा चेहरा असा मोकळा होता की नवऱ्याला तो क्षणभर अनोळखी वाटला. "अहो, कपडा लागतोय बरगडीला आणि मला नुसता कपडाच लागतोय."

"कशानं?" त्यानं विचारलं.

तिनं टेबलाकडे बोट दाखवलं. वर्तमानपत्राच्या कागदाची, सुतळीनं बांधलेली पुडी होती. शेजारी वाटीत हिरवट लोणी.

अर्धीगोळीनं वास घेतला आणि ओळखलं. गांजा. कायद्यानं बंदी असलेला, पकडलं तर तुरुंगात घालणारा. पण खरं सांगायचं तर कायदा त्याला नंतर आठवला. आधी त्याच्या पोटात जे पेटलं तो निव्वळ मत्सर होता. दोन वर्षं आपण अख्खं कपाट रिकामं केलं, आणि ह्या मातकट हातांच्या माणसानं वर्तमानपत्रात गुंडाळून झोप आणून दिली!

"किती देता?" तो कोरड्या आवाजात म्हणाला.

"चिमूटभर, लोण्यात."

"चिमूटभर म्हणजे किती?"

"चिमूटभर म्हणजे चिमूटभर, दादा," माळी म्हणाला, आणि बायको परत हसली.

त्या दिवसापासून अर्धीगोळीला दुसरं काही सुचेना. बायको बरी होत होती, आणि तो आतून वाळत होता. ती जेवायला लागली, खिडकीशी बसून गुणगुणायला लागली, रफूची मागे पडलेली कामं उपसायला लागली. प्रत्येक घासाला, प्रत्येक टाक्याला त्याला माळी दिसायचा. ती झोपेत स्वस्थ श्वास घ्यायची तेव्हा हा तिच्या बाजूला जागा, आणि मनात एकच विचार, की ही झोप माझी नाही, त्यानं दिलेली आहे. ह्याची त्याला लाजही वाटायची. पण लाजेनं जळणं थांबत नाही, नुसतं झाकलं जातं.

शेवटी त्यानं त्याच्या परीनं तोडगा काढला. एका सकाळी ती वाटी उचलून तो दुकानात घेऊन गेला. लोणी काट्यावर घातलं, ढवळून एकसारखं केलं, तपकिरी बाटलीत भरलं. मग लेबल घेतलं. औषधाचं नाव लिहायच्या ओळीपाशी त्याचा हात थबकला, पण पस्तीस वर्षांत त्यानं ती ओळ कधी कोरी सोडली नव्हती आणि तीत खोटंही कधी लिहिलं नव्हतं. त्यानं लिहिलं: 'गांजा, लोण्यात. पाव चमचा. झोपण्यापूर्वी.' तारीख, सही, शिक्का. डिंक लावून अंगठ्यानं दाबून बसवलं.

कोणा शहाण्या माणसानं असा पुरावा स्वतःच्या हातानं लिहून, सही करून ठेवला नसता. पण ती बाटली घरी नेताना अर्धीगोळीला कित्येक महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं. आता औषध त्याच्या दुकानातून आलं होतं.

बायकोनं लेबल वाचलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, पकडायला आले तर त्यांना शोधायला तरी लावा!"

बाटली संपल्यावर तिनं ती धुऊन माळ्याकडे दिली, भरून आणायला. बागेतल्या अवजारांच्या खोलीमागं त्यानं चार रोपं लावली होती, हे एव्हाना तिघांनाही ठाऊक होतं. त्यानंतर गांजा त्याच बाटलीतून येऊ लागला, त्याच लेबलाखाली. माळी बाटली देताना म्हणायचा, "घ्या वहिनी, दादांच्या दुकानातलं." त्यात टोमणा नव्हता. अर्धीगोळीला मात्र दर वेळी टोचायचा.

त्याच सुमारास औषधविक्रेत्यांच्या संघटनेचा सेक्रेटरी दुकानात आला. गांजाला औषध म्हणून परवानगी द्यावी की नाही हे ठरवायला सरकारनं समिती नेमली होती, आणि ती लोकांचं म्हणणं ऐकायला गावात येणार होती.

"आपल्याकडून विरोधात बोलायला तुमच्यासारखा मुरलेला माणूस हवा," सेक्रेटरी म्हणाला. "माप म्हणजे तुम्ही, तुम्ही म्हणजे माप."

अर्धीगोळी फुलला. माळ्याच्या चिमटीला भर सभेत, नाव न घेता, चारी मुंड्या चीत करायची संधी आपण होऊन चालून आली होती. चहा मागवला. बोलता बोलता सेक्रेटरी म्हणाला, "आपल्या गावात काही एवढं नसेल म्हणा."

"नसायला काय झालं?" अर्धीगोळी म्हणाला. "समोर बागेत बघा की. अवजारांच्या खोलीमागं."

शब्द तोंडातून सुटला आणि त्याला कळलं की हा सुटलेला नाही, आपण सोडला. सेक्रेटरीनं कप खाली ठेवला. मग दोघंही हवापाण्याचं बोलले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बागेच्या फाटकाशी पोलिसांची गाडी उभी राहिली. अर्धीगोळी काउंटरमागून बघत होता. माळ्याला दोघांनी धरून आणलं. कोटाची बाही पुन्हा फाटली होती. गाडीत चढण्यापूर्वी माळ्यानं दुकानाकडे पाहिलं आणि मान हलवली, रोज सकाळी हलवायचा तशी. अर्धीगोळी खाली वाकला आणि नसलेलं काहीतरी शोधत बसला.

मग तो बाटलीची वाट बघू लागला. बाटली भरायला माळ्याकडेच गेली होती, म्हणजे पोलिसांना सापडलीच असणार, आणि तीवर त्याची सही होती. एक दिवस गेला, दोन गेले, कोणी आलं नाही. घरात मात्र चौथ्या दिवशी बायकोनं पुन्हा कपडा अंगापासून दूर धरला. हातातली सुई खाली ठेवली. त्यानं गोळी पुढं केली, ती तिनं घेतली नाही.

"अहो, तुम्ही कोणाजवळ काही बोललात का?"

"मी कशाला बोलू?" तो म्हणाला.

तिनं पुढे विचारलं नाही. पण ती 'थोडं'सुद्धा म्हणाली नाही.

सभा नगरपालिकेच्या सभागृहात भरली. लांब टेबलामागं समितीचे पाच जण, मधे अध्यक्षबाई. खुर्च्या भरलेल्या. बायको मागच्या भिंतीशी उभी होती. खुर्चीची पाठ बरगडीला सहन झाली नसती. तिनं येऊ नये असं त्यानं सुचवून पाहिलं होतं.

आधी पोलिस अधिकारी बोलला. गावातलंच उदाहरण देतो म्हणाला, आणि त्यानं पिशवीतून तपकिरी बाटली काढून टेबलावर ठेवली. अर्धीगोळीनं आधी लेबल शोधलं. पण बाटलीवर लेबल नव्हतं. होता तो चौकोनी खरवडलेला डाग, काचेवर चाकूच्या बारीक रेघा, आणि एका कोपऱ्यात नखाएवढा कागद चिकटून राहिलेला.

"नशेनं माणसाचं काय होतं बघा," अधिकारी म्हणाला. "आम्ही अवजारांच्या खोलीत शिरलो तेव्हा आरोपी पळाला नाही, माल लपवला नाही. मागच्या दाराशी खताचा खड्डा होता, सगळं त्यात फेकून मोकळा झाला असता. त्याऐवजी हा खाली मान घालून कलमाच्या चाकूनं बाटली खरवडत बसला होता!"

लोक हसले. सेक्रेटरीही हसला. अर्धीगोळीला सगळं समजलं आणि त्याची मान खाली गेली. आणि ह्या क्षणीसुद्धा, खोटं कशाला बोला, त्याच्या मनात आधी आलं ते हेच: इथंही हाच माझ्या पुढं! बायकोला झोप त्यानंच दिली, मला वाचवलंही त्यानंच, आणि मी काय केलं?

त्याचं नाव पुकारलं गेलं. तो उभा राहिला, कागद उघडला आणि वाचू लागला. "ह्या पदार्थाला माप नाही. ताकद ठरलेली नाही. कोण देतो, किती देतो, ह्याचा पत्ता नाही. त्यावर लेबल नाही..."

तिथं तो थांबला. डोळे बाटलीवर गेले.

"लेबल होतं," तो म्हणाला. "माझं होतं."

सभागृहात चुळबुळ झाली. त्यानं आतल्या खिशातून लेबलांची वही काढली, जी तो लग्नाकार्यालाही बरोबर नेत असे. टेबलावर वाकून त्यानं तीन ओळी लिहिल्या, तारीख घातली, सही केली. समितीच्या हातात कागद दिला. "त्या कोपऱ्यातल्या तुकड्याशी अक्षर ताडून बघा. तो माणूस नशेत नव्हता. तो माझं नाव खरवडत होता."

"तुम्ही विरोधात बोलणार होता ना?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"मी विरोधातच बोलतोय, बाई. त्या माळ्याच्या विरोधात. माझ्या बायकोला दोन वर्षं झोप नव्हती. माझ्या कपाटातल्या एकाही गोळीनं आली नाही, त्याच्या चिमटीनं आली. तेव्हापासून मी जळतोय. जळून जळून मीच सेक्रेटरीसाहेबांना बागेचं सांगितलं, आणि घरी बायकोनं विचारलं तेव्हा नाही म्हणालो." त्यानं मागं वळून बघितलं नाही. वळला असता तर पुढचं बोलता आलं नसतं. "आता माझं म्हणणं ऐका. हे औषध माझ्या दुकानात आलं पाहिजे. मला त्याचं वजन करायचंय. मला ते माझ्या हातानं तिला द्यायचंय. बास, एवढंच आहे."

"आणि उद्या शाळेतली पोरं त्याच्या नादी लागली तर?" टेबलामागून एक जण म्हणाला.

"साहेब, ह्याच्यापेक्षा भयंकर गोष्टी माझ्या कपाटात आहेत. दोन गोळ्या जास्त झाल्या तर माणूस उठत नाही अशा. पोरांना मिळतात का त्या? कुलूप आहे, डॉक्टरची चिठ्ठी लागते, मी चष्म्यावरून बघतो. आणि हे एकच खताच्या खड्ड्याशेजारी ठेवलंय. तिथं ना चिठ्ठी, ना कुलूप, ना कोणी बघणारा. तिथं चिमूट आहे, दादा. चिमूट म्हणजे किती, हे मला आजतागायत कोणी सांगितलेलं नाही."

घामानं त्याचा चष्मा घसरला होता. तो पुसून डोळ्यांवर चढवेपर्यंत मागची भिंत रिकामी झाली होती.

त्याचा परवाना सहा महिन्यांसाठी गेला, चौकशी लागली, दुकानाला टाळं. समितीचा अहवाल यायचा होता, अजून यायचाच आहे. संघटनेनं त्याचं नाव काढून टाकलं. ह्यातल्या कशाचंच त्याला फारसं वाटलं नाही. बायको बोलायची बंद झाली होती. सकाळी टेबलावर चहा असायचा आणि कपाला त्याच्याच वहीतलं लेबल चिकटवलेलं असायचं. तिच्या अक्षरात 'चहा. एक कप. गार व्हायच्या आत.' खाली सही नसायची. ती खिडकीशी डाव्या अंगावर कलून बसायची, आणि तो टेबलाशी. अकरा दिवस असे गेले.

बाराव्या दिवशी दारावर थाप पडली. माळी होता. जामिनावर सुटला होता, नोकरीवरून तूर्त काढला होता, गालांची हाडं वर आली होती. हातात पुडी नव्हती. खांद्यावर फाटका कोट होता, तो त्यानं बायकोपुढं ठेवला आणि सवयीनं त्याच स्टुलावर बसला.

अर्धीगोळी उठून उभा राहिला. गेले अकरा दिवस त्यानं मनात माफीची तालीम केली होती, मोजूनमापून, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. त्यातला एकही तोंडातून फुटेना.

माळ्यानं त्याच्याकडे बघितलं. "दादा," तो म्हणाला, "एक विचारू? डिंकात घालता तरी काय तुम्ही?"

"का?"

"अहो, सुटता सुटेना! चाकूची धार गेली. साधं लेबल असतं तर ते काढून मालसुद्धा खड्ड्यात गेला असता आणि मी मोकळा असतो."

मग बायको हसली. आधी नाकातून, मग आवरेना, आणि बरगडी धरून, कळवळत, डोळ्यांतून पाणी काढत ती हसत राहिली. माळीही हसायला लागला. अर्धीगोळी दोघांकडे बघत उभा होता, आणि इतकं सगळं होऊनही त्याच्या पोटात जळलं. हसवलं ते पुन्हा त्यानंच.

हसण्याची किंमत लगेच आली. ती वाकली, ओठ चावला, कपडा हातानं अंगापासून दूर धरला. अर्धीगोळी आत गेला. घरात होत्या त्यातली एक गोळी काढली, काचेवर ठेवली, मधोमध कापली. पाणी आणि अर्धी गोळी घेऊन तो तिच्यासमोर उभा राहिला. तिनं त्याच्या हाताकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि गोळी उचलली.

थोडा वेळ थांबून त्यानं विचारलं, "बरं वाटतंय?"

"नाही," ती म्हणाली. "बसा इथं."